केन्सल ग्रीन ते कल्याण कॅम्प

परदेशी निघालेले माझे जुने विद्यार्थी निघण्याआधी फोन करतात. कल्याणच्या शाळेत मी इतिहास शिकवला. त्या वर्गांतली मुलं आता टोरांटो, सिंगापूर, लंडन, सॅन होजे अशी पांगली आहेत, आणि त्यांचे डोंबिवली-ठाण्यातले आईवडील नातवंडं सांभाळायला तिकडे जाऊन-येऊन असतात. "बाई, तिथे बघण्यासारखं काय?" हा प्रश्न ठरलेला. राजवाडे आणि संग्रहालयं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतात. मी सांगते, त्या गावातला सगळ्यात जुना गुरुद्वारा शोध. तो बघ, आणि तो नेमका त्याच जागी का उभा आहे ते तिथल्या माणसांना विचार.

ऐकणारा जरा थबकतो. आपण ना शीख ना पंजाबी, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. फोनवर ते सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

शिखांचा परदेशातला वारसा किल्ल्यांत आणि महालांत शोधायला जाऊ नये. ती पोटासाठी आणि पलटणीसाठी घर सोडलेल्या माणसांची वाट आहे. म्हणून नकाशा उघडला की आधी बंदर बघायचं, मग जुनी लष्करी छावणी, मग रेल्वेचं गाव, मग लाकडाच्या गिरण्या. यांतल्या एखाद्याच्या आसपास जुना गुरुद्वारा बहुधा सापडतोच. हाँगकाँगला वान चायमध्ये तो १९०१ साली उभा राहिला, तिथल्या फौजेतल्या शीख शिपायांनी उभारला. सिंगापूरच्या सिलाट रोडचा गुरुद्वारा १९२४ सालचा, पोलिसांच्या शीख तुकडीने बांधलेला. नव्याने आलेल्या परमुलखातल्या माणसाला तिथे निवारा मिळे. मोंबासाहून नैरोबीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर माकिंडू नावाचं गाव आहे. ब्रिटिशांनी १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वे बांधली, तेव्हा हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले, त्यांतले बहुतेक पंजाबातले. माकिंडूचा गुरुद्वारा १९२६ सालचा. आजही त्या रस्त्याने जाणारा कोणीही, कुठल्याही धर्माचा, तिथे थांबतो, जेवतो, मुक्काम करतो, आणि त्याच्याकडे कोणी पैसे मागत नाही.

कल्याणात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १८५४च्या मे महिन्यात रेल्वे कल्याणला आली, पुढे पुण्याची आणि नाशिकची वाट इथून फुटली, आणि लोको शेड, यार्ड, रेल्वे कॉलनी यांच्या आसऱ्याने देशभरची माणसं इथे राहायला आली. कोणाची भजनाची खोली कुठे होती हे पाहिलं, तर कोण कुठल्या खात्यात कामाला होतं ते कळायचं. परदेशातला गुरुद्वारा वाचायची रीत मी या गावातच शिकले.

सगळ्या गुरुद्वाऱ्यांत माझ्या मनात घर करून राहिला तो कॅनडातल्या ॲबट्सफर्डचा. १९११ साली तो पुरा झाला. मिल लेकच्या काठच्या गिरणीत राबणाऱ्या शिखांना मालकाने लाकूड दिलं, आणि त्यांनी ते स्वतःच्या खांद्यांवरून टेकडीवर वाहून नेलं. दिवसभर गिरणीत लाकूड उचलायचं आणि सुटल्यावर देवासाठी पुन्हा तेच उचलायचं. दर्शनी बाजूने ही इमारत तिथल्या जुन्या लाकडी दुकानासारखी दिसते, घुमट नाही, संगमरवर नाही. २००२ साली कॅनडाच्या सरकारने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. नव्या, झगमगीत गुरुद्वाऱ्यांविषयी मला आदरच आहे, पण ॲबट्सफर्डच्या त्या फळ्यांपुढे ते मला फिके वाटतात.

आत गेल्यावर डोकं झाकायचं, पाय धुवायचे, प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. मी आणखी दोन गोष्टी सांगते. भिंतीवरच्या आणि पायरीवरच्या देणगीदारांच्या फरशा वाचायच्या. त्यांवर नावापुढे बरेचदा मूळ गाव असतं, आणि चार फरशा वाचल्या की पंजाबातल्या कुठल्या जिल्ह्यातून ही वस्ती आली ते समजू लागतं. दुसरं म्हणजे, लंगरमध्ये जेवून लगेच उठून जायचं नाही. पोळ्या लाटणाऱ्या बायकांत जाऊन बसायचं. हाताला काम लागलं की समोरचं माणूस आपणहून बोलू लागतं, आणि पुस्तकात नसलेला इतिहास तिथे मिळतो.

लंडनमध्ये साउथॉलला हॅवलॉक रोडवर २००३ साली उघडलेला मोठा गुरुद्वारा आहे. तिथे मी कीर्तन ऐकत बसले होते. शब्द अर्धेमुर्धे कळत होते. आणि रागींच्या तोंडून एकदम 'नामदेव' ऐकू आलं. माझ्या आजीच्या जात्यावरचा, आषाढीच्या दिंडीतला, आमच्या घरातला नामदेव, आणि समोर शेकडो माणसं मान लववून त्याचं पद ऐकत होती. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं देवस्थान आहे, आणि २०१५ साली आपलं ८८वं साहित्य संमेलन सदानंद मोऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तिथेच भरलं. जगात जिथे जिथे या ग्रंथाचा प्रकाश होतो, म्हणजे तो वाचनासाठी उघडला जातो, तिथे तिथे नामदेवही असतात. मराठी माणूस गुरुद्वाऱ्यात पाहुणा म्हणून जातच नाही, असं मी माझ्या मुलांना सांगते, ते याच आधारावर.

अमेरिकेत जाणाऱ्यांना मी स्टॉकटनला पाठवते. कॅलिफोर्नियातल्या शेतांत राबणाऱ्या शिखांनी १९१२ साली तिथे अमेरिकेतला पहिला गुरुद्वारा स्थापन केला, आणि पुढे ब्रिटिशांविरुद्धच्या गदर चळवळीची माणसं तिथे एकत्र येऊ लागली. या चळवळीत दोन मराठी माणसं होती. एक विदर्भातले पांडुरंग खानखोजे, दुसरे पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे. पिंगळे सिएटलला इंजिनियरिंग शिकायला गेले होते. ते शिक्षण टाकून १९१४ साली ते परत आले आणि पलटणींत उठाव करण्याच्या कामाला लागले. मार्च १९१५ मध्ये मीरतच्या छावणीत त्यांना बॉम्बसह पकडलं. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्याच दिवशी, त्याच तुरुंगात कर्तारसिंग सराभा फासावर चढला, तो १९ वर्षांचा होता. पंजाबात सराभाचं नाव लहान पोरालाही ठाऊक आहे. पिंगळ्यांचं नाव आपल्या किती मुलांना माहीत आहे?

आता लंडनच्या पश्चिमेकडची केन्सल ग्रीनची दफनभूमी. ही गोष्ट मला जरा सावकाश सांगायची आहे, कारण तिचा शेवट आपल्या ठाणे जिल्ह्याच्या रस्त्याने गेला.

महाराजा रणजितसिंगांची सगळ्यात धाकटी राणी जिंद कौर. महाराज १८३९ साली वारले, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत लाहोरच्या गादीवर बसलेले एकामागून एक मारले गेले. जिंद कौरचा मुलगा दलीपसिंग पाच वर्षांचा असताना गादीवर आला, आणि आईने त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. पहिलं इंग्रज-शीख युद्ध हरल्यावर इंग्रजांनी तिची सत्ता काढून घेतली, १८४७ साली मुलाला तिच्यापासून तोडलं आणि तिला आधी शेखुपुऱ्याला, मग बनारसला, मग चुनारच्या किल्ल्यात ठेवलं. एप्रिल १८४९ मध्ये ती दासीच्या वेषात चुनारहून निसटली आणि नेपाळात पोहोचली. त्याच्या आधीच, २९ मार्च १८४९ रोजी, पंजाब कंपनी सरकारच्या मुलखात सामील झाला होता. मुलाला ख्रिस्ती करून इंग्लंडला नेलं. मायलेकरांची पुन्हा भेट झाली ती १८६१ साली कलकत्त्यात, तेरा वर्षं उलटून गेल्यावर. तोवर तिची दृष्टी गेल्यात जमा होती. मुलगा तिला बरोबर इंग्लंडला घेऊन गेला, आणि १ ऑगस्ट १८६३ रोजी केन्सिंग्टनच्या घरात ती वारली.

इंग्लंडात त्या काळी दहनाची सोय नव्हती. आईची राख हिंदुस्थानच्या मातीत जावी असं मुलाला वाटत होतं. परवानगी मिळेपर्यंत तिचं शव केन्सल ग्रीनमध्ये ठेवलं गेलं. १९९७ साली तिथल्या कामात तिच्या नावाचा संगमरवरी दगड सापडला, आणि २००९ साली तिथे तिचं स्मारक बसवलं. लंडनला जाणाऱ्याने टॉवरमधला राणीचा मुकुट आणि त्यातला कोहिनूर अवश्य बघावा, पण तो हिरा ज्या घरातून गेला त्या घरातल्या बाईचा दगडही त्याच शहरात आहे, तिथेही जाऊन यावं.

१८६४ साली दलीपसिंग आईचं शव घेऊन मुंबईला उतरला. पंजाबात पाऊल टाकायला सरकारने त्याला मनाई केली होती. रणजितसिंगांचा मुलगा आईचं शव घेऊन लाहोरला आला, तर काय होईल याची त्यांना धास्ती होती. म्हणून अंत्यविधीसाठी नाशिक ठरलं. गोदावरीचं तीर्थ, आणि मुंबई इलाख्याच्या हद्दीत. पंचवटीत तिचं दहन झालं आणि नदीच्या डाव्या तीरावर लहानशी समाधी बांधली गेली.

मुंबईहून नाशिकला जाणारी रेल्वे घ्या की आग्रा रोड, दोन्ही वाटा ठाण्यावरून जातात. त्या वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ कसाऱ्यापर्यंत पोहोचलेले होते. थळ घाट चढून गाडी इगतपुरीला जायला १८६५ साल उजाडलं. म्हणजे पुढचा घाट त्या मंडळींनी रस्त्यानेच चढला. सोबत असलेल्या त्या तरुण महाराजाने लहानपणानंतर आपला देश असा क्वचितच पाहिला होता, आणि जो पाहायला मिळाला तो शहापूर-कसाऱ्याकडचा सागाचा आणि ऐनाचा. लाहोर दरबारची राणी आपल्या या रानातून शेवटचा प्रवास करून गेली. इतकी वर्षं मी जिल्ह्याचा इतिहास शिकवला, पण ही गोष्ट कुठल्या धड्यात नव्हती. कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसले की मला ती आठवते, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही मी ती सांगते.

पुढे १९२४ साली तिची नात, राजकन्या बाम्बा सदरलंड हिने नाशिकच्या समाधीतल्या अस्थी लाहोरला नेल्या आणि आजोबांच्या समाधीजवळ ठेवल्या. आईला घरी पोहोचवायला मुलाला जमलं नाही, ते साठ वर्षांनी नातीने केलं. दलीपसिंग स्वतः १८९३ साली पॅरिसमध्ये वारला. त्याची कबर सफकमधल्या एल्व्हडेनच्या चर्चमागे आहे, आणि जवळच थेटफर्डला त्याचा घोड्यावरचा पुतळा. पण मला विचाराल तर या घराण्याचा खरा माग लाहोर, चुनार, काठमांडू, केन्सिंग्टन, नाशिक आणि पुन्हा लाहोर असा आहे, आणि त्यातला मुंबई-नाशिकचा टप्पा आपल्या दारावरून जातो.

ज्यांना परदेशी जायचंच नाही, किंवा जाता येत नाही, त्यांना मी आमच्या शेजारी पाठवते, कॅम्पात. कल्याणची जुनी माणसं उल्हासनगरला अजून कॅम्पच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या आसपासच्या माळावर लष्कराने ट्रान्झिट कॅम्प बसवला होता, दोन हजारांहून अधिक बराकी. युद्ध संपलं, बराकी ओस पडल्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित तिथे उतरले. सुमारे एक लाख माणसं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वसाहतीला उल्हासनगर असं नाव दिलं.

ही गोष्ट सिंध्यांची, हिच्यात शीख कुठून आले, असं मला नेहमी विचारतात. सिंधमधले कितीतरी हिंदू पिढ्यान् पिढ्या नानकपंथी. केस न राखणारे, पगडी न बांधणारे, झुलेलालची ज्योत पेटवणारे, आणि सकाळी गुरू ग्रंथ साहिबापुढे बसणारे. गावोगावच्या त्यांच्या पूजास्थानाला टिकाणा म्हणतात. गुरू नानकांचे पुत्र श्रीचंद यांच्या उदासी पंथाचे साधू सिंधमध्ये फिरत, त्यांनी हे टिकाणे सांभाळले. सक्करजवळ सिंधू नदीतल्या बेटावर साधबेलो आहे, बाबा बनखंडींनी १८२३ साली स्थापलेलं, सिंधी नानकपंथीयांचं मोठं तीर्थ. ते आजही उभं आहे, पण कॅम्पातल्या म्हाताऱ्यांनी ते तरुणपणी पाहिलं ते शेवटचं. पंजाबातून सीमेपलीकडच्या कर्तारपूरच्या गुरुद्वाऱ्याला जाणारा रस्ता ९ नोव्हेंबर २०१९ रोजी उघडला, करोनात बंद झाला, पुन्हा उघडला आणि मे २०२५ मध्ये पुन्हा बंद झाला. सिंधसाठी तर असा रस्ता कधी झालाच नाही.

फाळणी झाली त्या महिन्यात सिंधमध्ये पंजाबासारखी कत्तल झाली नव्हती, आणि पुष्कळ लोक थांबून होते. ६ जानेवारी १९४८ रोजी ते बदललं. सिंधच्या वरच्या भागातून निघालेले शीख मुंबईची बोट पकडण्यासाठी कराचीला आले होते आणि शहरातल्या गुरुद्वाऱ्यात उतरले होते. जमावाने त्या गुरुद्वाऱ्यावर हल्ला केला, पाठोपाठ कराचीभर हिंदूंची घरं लुटली गेली, आणि राहायचं ठरवलेल्यांचाही धीर सुटला. बोटीमागून बोटी मुंबईला लागू लागल्या. कल्याणजवळच्या त्या ओस बराकी ज्यांनी भरल्या त्यांतल्या अनेकांच्या घर सोडण्यामागे त्या एका गुरुद्वाऱ्यातला तो दिवस आहे.

माझी शाळेतली मैत्रीण कॅम्प नंबर चारची. तिच्या घरी मी पहिल्यांदा बराक आतून पाहिली. मध्ये लांबलचक हॉल, दोन्ही टोकांना खोल्या, छप्पर उंच. हॉल चार कुटुंबांत वाटलेला. आधी गोणपाटाचे पडदे होते, मग पत्रा आला, मी पाहिलं तेव्हा अर्ध्या उंचीच्या विटांच्या भिंती होत्या, त्यामुळे एकाच्या घरची फोडणी चौघांच्या घरात. दुपारभर बायका खाटांवर पापड वाळत घालायच्या. त्यांच्या वाट्याच्या कोपऱ्यात एक मोठी लोखंडी पेटी, पेटीवर पांढरी चादर, चादरीवर रेशमी रुमाल्याखाली ग्रंथ. मैत्रिणीची डाडी, म्हणजे आजी, पहाटे डोक्यावरून गार पाणी घेऊन रुमाला उघडायची आणि रात्री पुन्हा तो तितक्याच हलक्या हाताने गुंडाळायची. १४३० पानांचा तो ग्रंथ तिने कराचीहून मांडीवर घेऊन आणला होता. बंदरावरच्या झडतीत बांगड्या गेल्या, ग्रंथ राहिला, एवढंच ती त्याविषयी बोलायची.

डाडीला गुरुमुखी वाचता यायची. तिचे मालक आणि दीर हिशेब लिहायचे ते सिंधीच्या अरबी वळणाच्या लिपीत. तिच्या पिढीच्या मुली टिकाण्यात जाऊन गुरुमुखी शिकत, ती बायकांची शाळा. म्हणून बराकीतल्या सगळ्या बायका डाडीकडे जमायच्या, ती वाचायची आणि त्या ऐकायच्या. मी दारात उभी असले की ती खूण करायची, "बेटा, सिर ढको, अंदर आओ," आणि तळहातावर गरम कडाह प्रसाद ठेवायची. कणीक, साखर, तूप सारख्या मापाचं. आमच्याकडे सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळं असतं, इथे ते नसायचं, एवढाच मला फरक कळला होता.

कॅम्पातले दरबार, म्हणजे ग्रंथाची इथली पूजास्थानं, असेच सुरू झाले. एका घरातला ग्रंथ, मग बराकीचा अर्धा हॉल, मग शेजारच्याने सोडलेली खोली, मग वर्गणी, मग फरशी. सिंधमधल्या गावचा टिकाणा ज्या महंतांच्या गादीचा, त्या गादीचं नाव इथे दरबाराला लागलं. त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या पारनाक्यावर देवळांत त्रिपूर पाजळत, आणि त्याच दिवशी कॅम्पात गुरू नानकांची जयंती. पहाटे प्रभातफेऱ्या निघत, संध्याकाळी लंगरला कढी-चावल. कल्याणच्या एका मुलीला तो दोन सणांचा एकच दिवस वाटे, आणि मला आजही तो तसाच वाटतो.

ही मिसळण सगळ्यांना मानवत नाही. जानेवारी २०२३ मध्ये इंदूरला काही निहंग शिखांनी सिंधी मंदिरांत मूर्तींशेजारी ग्रंथ ठेवण्यावर आक्षेप घेतला, आणि तिथल्या सिंधी मंडळींनी आपल्याकडच्या ग्रंथांच्या प्रती गुरुद्वाऱ्याच्या हवाली केल्या. ग्रंथाची मर्यादा शिखांच्या दृष्टीने किती महत्त्वाची आहे ते मी समजू शकते. त्यांच्यासाठी तो जिवंत गुरूच आहे. पण ती बातमी वाचून मला डाडीची पेटी आठवली आणि फार वाईट वाटलं. शेदोनशे वर्षं जिवापाड सांभाळलेली एक रीत माणसांनी रडत रडत परत करावी, ही माझ्या मते शीख इतिहासाचीही हानी आहे. त्यांचं त्यांनी ठरवावं. पण ठरवण्याआधी सिंधच्या टिकाण्यांनी ही वाणी किती बायकांच्या तोंडी ठेवली, याची नोंद तरी कुठे असली पाहिजे.

आणि नोंद कुठेच नाही. बराकी झपाट्याने चालल्या आहेत. एकेक पाडून तिथे इमारत होते, तळमजल्यावर दुकानं, पहिल्या मजल्यावर दरबार. दरबार टिकतो, पण तो कुठल्या बराकीत सुरू झाला ते विसरलं जातं. ॲबट्सफर्डच्या लाकडी इमारतीला जो मान मिळाला, तो कल्याण कॅम्पातल्या एखाद्या मूळ बराकीला का मिळू नये? जगात शीख आणि नानकपंथी वारशाची ठिकाणं शोधत फिरणाऱ्या माणसाने इथे उतरावं इतकं या जागेचं मोल आहे. सिंधमधला नानकपंथ चालताबोलता बघायचा, तर तो सक्करपेक्षा विठ्ठलवाडीला जास्त दिसेल.

आमच्या बाजूला एवढंच नाही. ठाण्यात कोपरी कॉलनीत सिंध्यांची जुनी वस्ती आहे, तीन हात नाक्याला गुरुद्वारा आहे, जरा पुढे मुंबईत शीव कोळीवाड्याला पंजाबी निर्वासितांची वसाहत आहे, तिथल्या स्टेशनला गुरू तेगबहादूर यांचं नाव आहे. मुंबईहून येणाऱ्याला हे सगळं एका दिवसात, लोकलच्या पासावर होतं. कॅम्पात जायचं तर पहिल्या नंबरला शहाड, तिसऱ्याला उल्हासनगर, चौथ्याला विठ्ठलवाडी. रिक्षावाल्याला दरबाराचं नाव सांगितलं तर पुरतं. पहाटे जावं, तेव्हा पाठ चालू असतो. डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा रुमाल न्यावा.

हल्ली मी आणि माझी ती मैत्रीण मिळून दरबारांची वही करतो आहोत. प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न. ही गादी सिंधमधल्या कुठल्या गावची? ग्रंथ कोणी आणला, बोटीने की मारवाडच्या बाजूने रेल्वेने? पहिला प्रकाश कुठल्या नंबरच्या बराकीत झाला? वाचायला कोण बसायचं? पुरुष मंडळी महंतांची नावं सांगतात, बायका बराकीचा नंबर आणि पहिल्या लंगरला काय शिजलं होतं ते सांगतात, म्हणून आम्ही दोघांनाही विचारून घेतो. ज्या वाचकांच्या घरी बराकीचा, दरबाराचा किंवा बोटीवरून उतरतानाचा एखादा फोटो असेल, त्यांनी आजच तो काढून घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला दाखवावा, आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने गावाचं नाव, वर्ष आणि कॅम्पचा नंबर लिहून ठेवावा.